साउंड, नॉइज आणि लुपेच्या लग्नाचं कापड

हौमातोको गावाची खोबऱ्याची जुनी वखार अर्धी जमिनीवर आहे नि अर्धी पाण्यात. पाण्यातला भाग जाडजूड खांबांवर उभा. खोबऱ्याचा धंदा कधीच बुडाला, वखार मात्र तरली. आता तिथे बायका साल कुटतात. झाडाची अंतरसाल भिजवायची, लाकडी ओंडक्यावर पसरायची आणि मोगरीने कुटत राहायचं, म्हणजे चिंचोळी पट्टी हळूहळू पसरत जाते, पातळ होते, कापडासारखी मऊ पडते. अशा पट्ट्या खळ लावून एकीला एक जोडल्या की लग्नात मिरवायचं कापड तयार. भर महासागरातल्या वावाऊच्या बेटांवर या कापडावाचून लग्न लागत नाही असं नाही. लागतं, पण लोक ते मिठावाचून केलेल्या कालवणासारखं लक्षात ठेवतात, आणि मुलीला नातवंडं झाली तरी बोलून दाखवतात.

लेसिएलीच्या लेकीचं, लुपेचं लग्न पुढच्या शनिवारी होतं आणि कापड अर्ध्यावर होतं.

हात कमी पडत होते, दुसरं काही नाही. गावातल्या कितीतरी बायका नवऱ्यांबरोबर ऑस्ट्रेलियात फळं तोडायला गेल्या होत्या. त्यांच्या मोगऱ्या वखारीच्या भिंतीवर खिळ्यांना टांगलेल्या होत्या, आणि वारा आला की एकमेकींना हळूच टोचत, जणू विचारत, तुझी कधी येणार गं, माझी कधी येणार. मागे राहिल्या होत्या त्या मोजक्या जणी: लेसिएली, तिची चुलतजाऊ अलिसी, तरणीताठी फिने, स्वतः नवरी लुपे. आणि उंबऱ्यात बसलेली म्हातारी उंगातेआ, लेसिएलीची सासू. तिच्या हातांनी आता मोगरी उचलवत नव्हती, पण ताल तिचाच असे. ती गुडघ्यावर थाप मारी आणि गाई:

*साल होती अरुंद, कुटून रुंद केली,*
*लेक होती अंगणात, दर्यापार गेली.*

दर्यापार म्हणजे कुठं, तर समोरच्या लोतोपीको गावात. होडीने अर्ध्या घटकेची वाट. पण गाण्यात कुठलीही लेक जवळ देत नाहीत.

काल लेसिएलीने शेवटची मोठी रास वखारीतल्या हौदात भिजत घातली होती. भिजलेली साल जास्त थांबत नाही. आंबली की कुटताना तिच्या चिंध्या होतात. आज गुरुवार. उद्या संध्याकाळपर्यंत रास संपली तर संपली, नाहीतर ती फेकायची आणि लेकीला अर्ध्या कापडावर पाठवायचं. हा हिशोब लेसिएलीच्या डोक्यात मोगरीच्या प्रत्येक घावाबरोबर वाजत होता.

त्या सकाळी कुटणं रंगात आलं होतं, तेवढ्यात इमो धावत आली. गळ्यात हेडफोन, पाय गुडघ्यापर्यंत ओले.

"थांबा! थांबा ना!"

इमोजेन ही टास्मानियाची पोर. देवमाशांचे आवाज ऐकायला आलेली, लेसिएलीच्या मागच्या खोलीत राहायची. गावाच्या जिभेवर तिचं नाव तोकडं होऊन इमो झालं होतं. गावची भाषा बोलताना तिचे शब्द पुढे यायचे आणि अर्थ मागून लंगडत. घाई झाली की ती सरळ इंग्रजीवर जायची. मग लेसिएलीकडे सगळे बघायचे, कारण लेसिएलीने ऑकलंडच्या एका धुलाईखान्यात बरीच वर्षं काढली होती.

आता इमो इंग्रजीतच भडाभडा बोलली.

"काय म्हणते?" अलिसीने विचारलं.

 इमोच्या बोलण्यातला एकच शब्द लेसिएलीच्या कानात रुतला होता. नॉइज. ऑकलंडला त्या एका खोलीत चौघी राहायच्या. संध्याकाळी चौघी भजनाला बसल्या की खालचा भाडेकरू झाडूच्या दांड्याने छताला ढोसायचा आणि ओरडायचा, नॉइज! तेव्हापासून तो शब्द म्हणजे लेसिएलीला झाडूचा दांडाच वाटे.

"म्हणते, आपण गोंगाट करतोय."

मोगऱ्या थांबल्या.

"गोंगाट?" अलिसीने पदर नसतानाही खोचल्यासारखं केलं. "लग्नाचं कापड कुटणं म्हणजे गोंगाट? हिच्या गावी काय लग्नं मुकी लागतात?"

उंबऱ्यातून उंगातेआ कडाडली, "फिने, हे तुझ्यामुळे. सकाळपासून तुझा घाव मागे पडतोय. परक्या पोरीनं गोंगाट म्हणावं, इथवर आणलंस!"

"माझा? आजी, तुम्हीच गाणं मध्ये खोकून तोडता!"

"मी खोकते तीसुद्धा तालात."

इमोचा चेहरा लालबुंद झाला. दोन्ही हात हलवत ती गावच्या भाषेत आली. "नाही, नाही! ताल चांगला. फार चांगला. म्हणूनच तर त्रास!" मग ती ओंडक्याजवळ बसली, आणि लेसिएलीला मध्ये घेऊन एकेक गोष्ट सांगायला लागली.

खाडीत एक देवमाशीण आली होती, पिल्लू घेऊन. वखारीच्या पलीकडे, जिथं पाणी गडद होतं तिथं ती पडून होती. इमोने पाण्यात माइक सोडला होता. नर देवमासा गातो, ते तर मैलांवरून ऐकू येतं. पण आई पिल्लाशी मोठ्याने बोलत नाही. कुजबुजते. वैऱ्याच्या कानावर जाऊ नये म्हणून. ती कुजबुज ऐकायला इमो जग ओलांडून आली होती, आणि इथे मोगरीचा प्रत्येक घाव खांबांतून खाली उतरत होता नि पाण्यात ढम् ढम् घुमत होता.

"मावशी, मी जे ऐकायला आले, तो साउंड. त्याच्या आड येतं, तो नॉइज. तुमचं कुटणं वाईट म्हणून नाही."

लेसिएलीने ते सगळ्यांना सांगितलं. सांगताना तिला स्वतःलाच नवल वाटलं. तिला वाटे, नॉइज म्हणजे वाईट आवाज, साउंड म्हणजे चांगला. ही पोर तर वेगळंच सांगत होती.

"कळलं," उंगातेआ म्हणाली. "आपल्या घरचं लग्न म्हणजे साउंड. शेजारच्या घरचं म्हणजे नॉइज."

"आणि पाद्रीबाबांचं प्रवचन?" फिनेने विचारलं.

"पोट भरलेलं असलं तर साउंड."

अलिसी हसता हसता थांबली. मोगरी मांडीवर आडवी ठेवून म्हणाली, "आमच्या ह्यांचं घोरणं. घरी होते तेव्हा लाथ मारून गप्प करायची मी. आता ते तिकडे संत्री तोडतायत आणि माझा डोळा लागत नाही. परवा फोनवर म्हटलं, बोलू नका काही, नुसते झोपा, फोन उशाशी ठेवून."

बायका इतक्या हसल्या की उंगातेआला ठसका लागला. अलिसीही हसली, आणि हसताना तिने डोळ्यांच्या कडा मनगटाने पुसल्या.

"हेच!" इमो म्हणाली. "अगदी हेच! घोरणं तेच आहे."

 लुपेने ओंडक्यावरची साल सरळ करत विचारलं, "मग त्या देवमाशिणीला गं? तिला आपलं कुटणं काय वाटतं? साउंड की नॉइज?"

 "माहीत नाही," इमो म्हणाली. "ते कुणालाच माहीत नाही."

"रविवारी ऐक ना मग," फिने म्हणाली. "रविवारी कोण कुटतंय?"

"रविवारी तुमची चार चर्चं गातात. आणि रविवारपर्यंत ती राहायची नाही. मला आजचा दिवस द्या. एक दिवस."

आता सगळ्यांनी लेसिएलीकडे पाहिलं. लेसिएलीने भिजत घातलेल्या राशीकडे पाहिलं. एक दिवस म्हणजे अर्धी रास. अर्धी रास म्हणजे लुपेच्या कापडाची एक बाजू. नाही म्हणायला तोंडात शब्द तयार होता. पण आई पिल्लाशी कुजबुजते, हे त्या पोरीने सांगायला नको होतं. आयांच्या घोळक्यात असं काही सांगू नये. मग त्यांचं शहाणपण चालत नाही.

"सूर्य मावळेपर्यंत," लेसिएली म्हणाली. "उद्या उजाडलं की मी कुटणार. मग राजा येऊ दे नाही तर देवमासा."

राशीवर तिने केळीची ओली पानं पांघरली, तापलेल्या लेकराला पांघरतात तशी.

गावानेही मन लावून गप्प बसायचं ठरवलं. लेसिएलीचा नवरा सेमीसी घरोघर फिरला; कुणी होडीचं इंजिन लावायचं नाही, कुणी लाकूड फोडायचं नाही. पोरांना टेकडीमागे पिटाळलं. अलिसीने सगळ्यांचे फोन गोळा करून, बंद करून, एका टोपलीत घातले नि टोपलीवर उशी ठेवली. एका कोंबड्याने ऐकलं नाही, त्याला पाटीखाली झाकला. हौमातोकोत अशी शांतता फक्त कुणी गेलं की पडे. मयत पुरेपर्यंत तिथे मोगरी वाजत नाही, हा बेटांचा जुना रिवाज. पण आज कुणीच गेलं नव्हतं, त्यामुळे ती शांतता जरा सणासारखी वाटत होती. माणसं खुणांनी बोलत होती आणि खुणांनीच भांडत होती.

लेसिएलीचे हात मात्र बसेनात. ती वखारीत इमोजवळ जाऊन बसली. इमोने हेडफोन तिच्या कानांवर ठेवले.

आधी नुसतं चरचर, चरचर, जणू तव्यावर काही तळतंय.

"हे काय?"

"कोळंबी," इमो पुटपुटली. "नांग्या वाजवते."

"मग हा नॉइज?"

"माझा नॉइज. कोळंबीवाल्याचा साउंड."

लेसिएलीला हसू आलं, ते तिने ओठांत धरलं. मग ती वाट बघत राहिली. चरचरीच्या तळाशी, खूप खाली, काहीतरी हललं. अनवाणी पाऊल चटईवर घासावं तसं. मग एक बारीक घुरघुर, आणि तिला उत्तर म्हणून दुसरी, जाड, उबदार, पोटातून आलेली. पुन्हा बारीक. पुन्हा जाड.  लुपे तान्ही होती तेव्हा चर्चमध्ये ती अशीच करायची. आख्खं चर्च डोळे मिटून प्रार्थनेत, आणि ही कुशीत घुरघुरायची. लेसिएली ओठ न हलवता, घशातल्या घशात, तिला हं हं म्हणायची. ते हं हं तिने पुढे कधी कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं त्यात काय होतं?

तिने हेडफोन काढले आणि दाराशी उभ्या असलेल्या लेकीला खुणेने बोलावलं. लुपेने ऐकलं. ऐकता ऐकता तिने आईचा हात धरला नि सोडलाच नाही. नवरी मुलगी असं सहसा करत नाही. तिला वाटतं, लोक म्हणतील, हिला जायचंच नाही.

दुपार कलली. इमो पुन्हा ऐकत होती, आणि एकाएकी ताठ झाली. डोळे विस्फारून तिने लेसिएलीचा दंड पकडला.

"मावशी! हे नवीन आहे. हे कधीच नाही ऐकलं मी. कुणीच नाही ऐकलं!"

"काय झालं?"

"खालच्या पट्टीत. लांब लांब. अनेक आवाज, एकत्र. जणू… जणू सगळे रडतायत." इमोने हेडफोन कानांवर दाबले. "देवमासे असं करत नाहीत. असं कधीच…" ती थांबली. तिच्या कपाळावर आठी पडली. "आणि आता किंकाळी. केवढी मोठी किंकाळी!"

ती किंकाळी लेसिएलीला हेडफोनवाचूनच ऐकू आली. तिने दारातून पाहिलं. खाडीच्या टोकाला वळसा घालून दोन मोठ्या लाकडी होड्या येत होत्या. इंजिनं बंद, वल्ही हळू हळू. होड्यांत दाटीवाटीने बायका, डोक्यापासून पायापर्यंत काळ्या कपड्यांत, कमरेला मयतीला नेसायच्या जीर्ण चटया गुंडाळलेल्या, आणि सगळ्या खर्जात मरणाचं भजन गात होत्या. ते होडीच्या लाकडातून पाण्यात उतरत होतं. पुढच्या होडीत चटयांचे भारे, आणि भाऱ्यांवर पाय बांधलेलं एक डुक्कर. ते डुक्कर भजनात सामील व्हायला तयार नव्हतं.

"अगं बाई," लेसिएली म्हणाली. "हे तर लोतोपीको."

"कुणाचं काय झालं?" अलिसी धावत आली.

"आपल्याकडेच येतायत!"

उंगातेआ वखारीच्या पायरीवर बसून कलिंगड खात होती. हनुवटीवरून रस ओघळत होता. तिने डोळे बारीक केले आणि पहिल्या होडीच्या टोकाला उभी असलेली थोराड म्हातारी ओळखली. तिची नणंद, तेमालेती. पन्नास वर्षांत दोघींचं एका वाक्यावर कधी एकमत झालं नव्हतं.

"वन्सं!" उंगातेआने हाक मारली. "कोण गेलं?"

भजन एका सुरात बंद पडलं. वल्ही थांबली. होडी आपल्याच वेगाने येऊन पायरीला टेकली. तेमालेतीच्या तोंडावर अश्रूंचे ओहोळ होते, आणि ते तसेच राहिले.

"तू!" ती म्हणाली.

"मी?"

"तू गेलीस!"

उंगातेआने कलिंगडाची एक बी थुंकली. "कधी?"

"सकाळी! सकाळपासून कुटणं बंद. लग्नाचं कापड अर्ध्यावर असताना कुणी कुटणं बंद करतं? फोन केले तर कुणी उचलीना. अलिसी फोन उचलत नाही, असं या बेटांवर कधी घडलंय? मी म्हटलं, गेली. गेली माझी वहिनी. मी हातातला सुरण टाकून दिला आणि…"  ती होडीतून उतरली, पाण्यातून फतक फतक चालत आली नि तिने उंगातेआच्या खांद्यावर एक सणसणीत चापट मारली. मग तिथेच पायरीवर बसून, भावजयीच्या मांडीत तोंड खुपसून, ती मघापेक्षा मोठ्याने रडायला लागली.

"मेली नव्हतीस तर सांगायचं तरी!"

"मेले नाही, मेले नाही, असं सांगत फिरू का घरोघर?" उंगातेआ म्हणाली. पण तिचा हात नणंदेच्या पाठीवरून फिरत होता. बऱ्याच वेळाने तिने मान उंचावून होडीत पाहिलं. "किती चटया आणल्यात?"

"पुष्कळ."

"आणि डुक्कर एवढंसंच?"

तेमालेतीने मांडीतून तोंड वर काढलं. "तुझ्या जिभेच्या मानानं मोठंच आहे."

तिथून जो हशा सुटला तो दोन्ही होड्यांतून पसरत वखारीपर्यंत आला. उंगातेआने लगोलग गाणं जुळवलं:

*नणंद आली रडत, दोन होड्या भरून,*
*भावजय बसली दारी, कलिंगड चिरून.*

इमो दाराशी उभी होती, हेडफोन गळ्यात. लेसिएलीने तिला सगळं समजावून सांगितलं. इमो आधी गोंधळली, मग लाजली, मग भिंतीला धरून खाली बसली नि हसत सुटली. "म्हणजे माझा नवा देवमासा…"

"माझी नणंद," उंगातेआ म्हणाली. "आकारानं चुकली नाहीस तू."

आता खरी अडचण पुढे आली. मयताला आणलेल्या चटया मयताशिवाय परत न्यायच्या म्हणजे मरणाला घराची वाट दाखवायची. लोतोपीकोच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. निवाडा अर्थात मयतानेच केला.

"आणलेलं परत जात नाही," उंगातेआ म्हणाली. "चटया लुपेच्या लग्नाला. डुक्कर आज रात्रीला. आणि मी खरंच जाईन तेव्हा नवं आणा, या जुन्यावर भागवायला बघू नका." तिने काळ्या कपड्यांच्या त्या मोठ्या घोळक्यावर नजर फिरवली. तिच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "आणि एवढे हात आलेच आहेत, तर नुसते मांडीवर ठेवून बसणार का?"

 हे लेसिएलीच्या मनात होड्या पायरीला टेकल्या तेव्हाच आलं होतं, पण बोलवत नव्हतं. एवढे हात! सांजेच्या आत रास संपेल. पण सूर्य अजून हातभर वर होता, आणि शब्द तिनेच दिला होता.

"सूर्य मावळू दे," ती म्हणाली. "मी कबूल केलंय."

लोतोपीकोच्या बायकांना सगळी हकिकत सांगण्यात आली, अर्थातच कुजबुजून. त्यांनी कमरेच्या चटया सोडल्या, हात धुतले आणि वखारीत ओळीने बसल्या. भिंतीवरच्या मोगऱ्या उतरल्या. ऑस्ट्रेलियात गेलेल्या एकेकीची मोगरी एकेकीच्या हातात आली. ओंडके मांडले गेले. सालीच्या पट्ट्या पसरल्या गेल्या. आणि मग सगळ्या बसून राहिल्या, मोगऱ्या मांडीवर, नजर सूर्यावर. एवढ्या बायका, एवढी तयारी, आणि चकार शब्द नाही. तेमालेतीचा पाय आपोआप ताल धरत होता. उंगातेआने तो दाबून धरला.

इमोने ते दृश्य पाहिलं. मग ती माइकच्या खोक्याजवळ गेली, थोडा वेळ कान लावून बसली, आणि उठून लेसिएलीसमोर आली.

"मावशी, मला हवं होतं ते सकाळीच मिळालं. मी फक्त आणखी थोडं, आणखी थोडं करत होते. लोभ." तिने हेडफोन काढून हातात घेतले. "आता कुटा."

"नक्की?"

"नक्की."

लेसिएलीने उंगातेआकडे पाहिलं. म्हातारीने गुडघ्यावर थाप मारली. एक. दोन. आणि मग मोगऱ्या पडल्या.

आयुष्यात लेसिएलीने असं कुटणं ऐकलं नव्हतं. दोन गावांचा ताल सुरुवातीला जरा अडखळला; लोतोपीकोच्या बायका घाव ओढून मारतात, हौमातोकोच्या तोडून. पण दोघी म्हाताऱ्या उंबऱ्यात शेजारी शेजारी बसून एकाच गुडघ्यावर थापा मारत होत्या, कधी ही, कधी ती, आणि हळूहळू सगळे घाव एका ओढीत आले. जुन्या वखारीच्या फळ्या थरथरल्या. आढ्यावरची धूळ सोन्यासारखी खाली झरू लागली. पट्ट्या रुंद होत गेल्या. लुपे आईसमोर बसून त्याच ओंडक्यावर कुटत होती, केस सुटलेले, गालावर सालीचे तंतू चिकटलेले. नवरीने लग्नाच्या तोंडावर इतकं राबू नये म्हणून कुणीतरी तिच्या हातची मोगरी काढून घ्यायला गेलं, तर ती म्हणाली, "हात लावून बघा!"

इमोलाही एक मोगरी मिळाली. तिचा पहिला घाव मागे पडला, दुसरा त्याहून मागे.

"नॉइज!" फिने ओरडली, आणि आख्खी वखार ओरडली, "नॉइज! नॉइज!" लेसिएलीही ओरडली, सगळ्यांत मोठ्याने. ओरडून झाल्यावर तिच्या लक्षात आलं, की या शब्दाला आता झाडूचा दांडा उरला नव्हता.

इमोने हसत मोगरी ठेवली नि सवयीने हेडफोन कानाला लावले. लुपेने हात न थांबवता विचारलं, "काय म्हणते ती? गेली का?"

इमोने बराच वेळ ऐकलं. "काही म्हणत नाही," ती म्हणाली. "पण गेली नाहीये. दोघं तिथंच आहेत."

"का?"

"ते मला नको विचारूस."

खाडी तांबडी झाली, मग जांभळी. लेसिएलीने पुढची पट्टी घ्यायला मागे हौदात हात घातला, आणि हाताला पाणी लागलं. नुसतं पाणी. तिने वाकून पाहिलं. केळीची पानं बाजूला पडली होती. राशीच्या जागी पाण्यावर सालीचे दोन-चार तुकडे तरंगत होते. तिला खरं वाटेना. तिने हात खोल घालून चाचपलं, या कडेपासून त्या कडेपर्यंत.

"काय शोधतेस, आई?"

"संपली," लेसिएली म्हणाली. "लुपे, संपली गं सगळी!"

मोगऱ्या एकेक करत थांबल्या. वखारीत सगळीकडे, दोऱ्यांवर, फळ्यांवर, बायकांच्या खांद्यांवर, पांढऱ्या ओलसर पट्ट्या पसरल्या होत्या. बसायला जागा नव्हती. लेसिएलीने मनातल्या मनात त्या एकीला एक जोडून पाहिल्या. कापड वखारीच्या दारातून बाहेर पडलं, रस्त्याला लागलं, आणि चर्चच्या वळणाशी पोहोचलं तरी संपेना.

"एवढं कापड नेणार कसं?" तिने विचारलं.

"आम्ही नेऊ," तेमालेती म्हणाली. "आमच्याच गावात तर येणार आहे. सून आणायची तर तिच्याबरोबर तिचं सामानही उचलावं लागतं, एवढं आम्हांला कळतं. तू उद्यासाठी खळ शिजवून ठेव. मोठ्या भांड्यात. आम्ही सगळ्या येतो जोडायला."

"वन्सं, उद्या काळं नेसून येऊ नका म्हणजे झालं," उंगातेआ म्हणाली.

"तू फोन उचल म्हणजे झालं!"

अलिसी उशीखालच्या टोपलीकडे धावली. पाटीखालचा कोंबडा कुणीतरी सोडला. तो दिवसभराची कसर भरून काढायला लागला. बाहेर सेमीसी आणि पोरं डुकरामागे धावत होती. दोर सोडताना ते निसटलं होतं आणि आता सगळं गाव एकाच वेळी ओरडून त्याला सांगत होतं, कुठं जायचं नाही ते. लेसिएलीने चुलीवर पाण्याचं मोठं भांडं चढवलं, आणि लुपेला हाक मारली, खळ ढवळायला.